चौऱ्याण्णव व्होल्ट

उत्तरेश्वर पेठेत मालुताई चौगल्यांचं मिरची कांडप.
दारातच शिंक येते, आत डोळे चुरचुरतात,
आणि मागच्या खोलीत, पोती ठेवतात तिथला दिवा
तीन दिवस झाले पेटत नाही.
"बल्ब दोनदा बदलला," ताई म्हणाल्या,
"भाच्यानं टेस्टर लावला, टेस्टर पेटतोय.
करंट हाय म्हणं. मग उजेड कुठं जातोय गं?"

मी स्टुलावर चढले.
लाल पिन एका तारेला, काळी दुसरीला.
चौऱ्याण्णव.

दोनशे तीस असावेत, नाहीतर शून्य.
कळंब्याच्या आयटीआयमध्ये
असला आकडा फळ्यावर कधी आला नव्हता.
त्याची ओळख करून दिली बाबालाल मेस्त्रींनी,
शिकलगार मेस्त्री, ज्यांना माझा मीटर कधीच पटला नाही.
"त्याला भूकच न्हाई, पोरी.
नुसता वास आला तरी सांगतंय, जेवण झालं.
तुटकी तार जित्या तारंला खेटून गेली
की तिच्या अंगाला थोडं लागतंयच.
तिला कामाला लाव, मग कळंल."

म्हणून पिशवीत त्यांचाच होल्डर असतो,
साठचा पिवळा बल्ब, दोन वायरी, चिकटपट्टी गुंडाळलेली मान.
तो लावला. बल्ब ढिम्म.
आणि मीटरवरचे चौऱ्याण्णव
मास्तर वर्गात आल्यासारखे गपकन खाली बसले.
शून्य.
फेज ते अर्थिंग दोनशे एकतीस.
म्हणजे फेज खरा. न्यूट्रल कुठंतरी वाटेतच तुटलाय.

मेन पाडला. कांडप थांबलं,
आणि बाहेर कुणीतरी म्हशीला शिव्या देत होतं ते ऐकू आलं.
शेजारच्या सलूनमध्ये गेले, मीटर त्यांच्या बोर्डात घातला:
दोनशे अठ्ठावीस.
परत येऊन इथं घातला: शून्य.
परत सलूनमध्ये.
गालाला फेस लावलेला माणूस म्हणाला, "काय हरवलंय?"
त्याला काय सांगू. मेस्त्रींचा नियम:
मेलंय म्हणायच्या आधी जित्याला लावून बघायचं.
म्हणून झाल्यावर आणि एकदा.

मग लांब वायर जोडून बीपवर टाकला.
बोर्डापासून दाराशेजारच्या खोक्यापर्यंत वाजला.
खोक्याच्या पुढं मुका.
"पुराचं पाणी हितवर आलंच नव्हतं," ताई शपथेवर सांगत होत्या.
खोकं उघडलं. आत गाळ, वाळून पापड झालेला.
ताई काही बोलल्या नाहीत.
जॉइंटचं तांबं हिरवं, एकेक पदर तुटत तुटत
शेवटचा कधी गेला कुणाला कळलंही नसेल.

तासलं, पिळलं, नवीन टेप. वाजला.
मेन वर. दिवा लागला.
आणि पहिल्यांदा काय दिसलं असेल तर
तिसऱ्या पोत्याला उंदरानं खालून पाडलेलं भोक.
"मेल्यांनी अंधाराचा फायदा घेतला!"
पैसे देताना ताई त्यातले चाळीस विसरल्या.
मीही मागितले नाहीत.

संध्याकाळी सदर बाजारात मेस्त्रींकडं.
मोहरमपासून डावी बाजू गेलीय, खाटेवर असतात.
रोजचा पहिला प्रश्न, "किती दाखवला?"
"चौऱ्याण्णव."
अर्धा चेहरा हसला.
"मग?"
"तुमचा बल्ब लावला."
"आणि काम करताना एक हात खिशात?"
"खिशात," मी खोटं बोलले. माझ्या पंजाबी ड्रेसला खिसाच नाही.
त्यांनी चादरीखालच्या हाताकडं हनुवटी केली.
"ह्यो बघ. कायमचाच खिशात. आता शॉक बसायचा न्हाई मला."

मला हसायला थोडा उशीर झाला.

मग त्यांनी मीटर मागितला, ज्याला कधी हात लावला नव्हता.
एकाच हातात दोन्ही पिना चिमटीत धरून
टोकं एकमेकांना टेकवायला लागले. निसटली.
पुन्हा निसटली. मी पुढं झाले नाही.
टेकली. वाजला.
त्यांनी तसाच वाजू दिला, बराच वेळ,
आतून सून ओरडेपर्यंत,
"अब्बा, फोन कुणाचा वाजतोय?"